उन्हाळी धानाच्या कापणीआधी : बांधीवर सावली आणि पाणी पोचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मे महिन्यात आपल्या ब्रह्मपुरी तालुक्यात उन्हाळी धान कापणीला येतो. तेंदूपत्त्याचा हंगामही तेव्हाच. पहाटे जंगलात पानं तोडायची आणि नंतर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, विळा धरायचा, असे दिवस कितीतरी घरांत काढले जातात.

देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर दर उन्हाळ्यात झळकतात. बातम्यांत सांगितला जाणारा तो आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. वाकून धान कापणाऱ्या बाईच्या पाठीवरचं ऊन त्यात धरलेलं नसतं. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. "आमच्या आयाही उन्हातच राबल्या," असं काही जण म्हणतात. राबल्या, हे खरंच. पण आता रात्रीही टिनाखाली उकाडा हटत नाही, आणि रात्री न निवलेलं अंग सकाळी पुन्हा उन्हात जातं.

ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत बाया मोकळेपणी बोलल्या. बांधीवर आडोसा नाही, म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर, उलटी, लघवीची जळजळ. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड मजुरांत तरुण वयातच मूत्रपिंडं निकामी होताना दिसली आहेत. उन्हातली अतोनात मेहनत आणि अंगातलं कमी झालेलं पाणी ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. आपल्याकडे ते होण्याची वाट का पाहायची? दुसरी अडचण मजुरीची. काम एकरी गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, असलं की सावलीत बसलेली घटका पदरची जाते.

म्हणून या हंगामात बांधीजवळ हलवता येतील असे बांबूचे आठ मांडव, त्यांवर हिरवी जाळी, बाजूला चादरीचा आडोसा आणि झाकणाचे पाण्याचे कॅन ठेवायचे ठरलं आहे. बांबू गावातून मिळतील. जाळी, कॅन, सुती दुपट्टे आणि जलसंजीवनीच्या पुड्या यांसाठी मदत हवी. वस्तू द्या किंवा रोख द्या. पुणे-नागपूरला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी एकेका मांडवाचा खर्च उचलला तर मोठं काम होईल. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी दुपारी पाणी पोचवण्यासाठी आठवड्यातला एक दिवस द्यावा.

शेतकरी बांधवांना वेगळी विनंती आहे. काम पहाटे पाचला सुरू करा, साडेदहाला थांबवा, उरलेलं चारनंतर घ्या. गुत्त्याचा दर ठरवताना विसाव्याचा वेळ धरा. हंगामाचे पहिले काही दिवस नव्या मजुराला हलकं काम द्या, अंगाला उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो.

कोणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. आधी सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मदत २५ एप्रिलपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामसंघाच्या ताईंकडे जमा करावी. प्रत्येकाला पावती मिळेल. जमेचा हिशेब १ मेच्या ग्रामसभेत आणि खर्चाचा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

आपल्या,
ग्रामसंघाच्या सर्व सदस्या