निघाली सत्ती

लाइपझिग,
रविवार

ती. अण्णांस, शि. सा. न.

आईला सांगा, शेंगदाण्याची चटणी पोचली. तेल थोडं सुटलंय, पण चव आहे तशीच आहे.

परवा मी तुमचं नाव घालवलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडं आठ-दहा जण जेवायला होतो. जेवणं झाल्यावर पत्ते निघाले आणि मला सेलूच्या माळवदावरची हुक्की आली. म्हटलं, पत्ते पिसा, एक काढून खिशात घाला, मला दाखवू नका. बाकीचे एकेक करून माझ्यापुढं उलगडा. खिशातला मी सांगते.

सगळं तुम्ही शिकवलेलंच. एक्क्याचा एक, गुलामाचे अकरा, राणीचे बारा, बादशा तेराचा म्हणजे शून्यच, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. बेरीज तेरावर गेली की तेरा टाकून द्यायचे. आठावर नव्वी पडली, सतरा, तेरा गेले, हातात चार. राणी आली की बारा मिळवत बसण्यापेक्षा एक वजा, गुलाम आला की दोन वजा. ही तुमची मोंढ्यातली युक्ती. पुऱ्या कॅटची बेरीज ३६४, बरोबर अठ्ठावीस वेळा तेरा, बाकी काही उरत नाही. म्हणून शेवटी हातात पाच राहिले तर तेरातून पाच गेले, खिशात अठ्ठी.

आणि रंगाला पायाचे अंगठे. इस्पिक पडलं की डावा, किलवर पडलं की उजवा, बदाम पडलं की दोन्ही, चौकटला काहीच नाही. वर असेल तर खाली, खाली असेल तर वर. शेवटी डावा एकटाच वर राहिला तर गेलेलं पान इस्पिकचं, उजवा राहिला तर किलवरचं, दोन्ही वर तर बदामाचं, दोन्ही खाली तर चौकटचं. लहानपणी मला वाटायचं, मांडी घालून तुमच्या पायाला मुंग्या येतात. इथं टेबलाखाली मोज्यातले अंगठे कोण बघतंय!

मी ऐटीत म्हटलं, इस्पिकची नव्वी. निघाली इस्पिकची सत्ती. नव्वी तर माझ्याच पुढ्यात, ढिगात पडलेली. काय हसले सगळे!

रात्री झोप कसली येतेय. सकाळी दात घासताना उजेड पडला. इथं स्काट नावाचा डाव खेळतात, त्याचा कॅट ३२ पानांचा. दुर्रीपासून छक्कीपर्यंत पानंच नसतात. कॅट हाताला हलका लागला होता, दुर्री-तिर्री एकही पडली नाही हेही दिसत होतं, पण मी आपली बेरजेच्या नादात. "कामून घाई करायलीस, आधी शिल्लक बघ," हे तुमचं मागून आठवलं. नसलेल्या वीस पानांची बेरीज ८०. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, वर उरले दोन. म्हणून माझं उत्तर बरोबर दोननं पुढं गेलं. रंग मात्र चुकला नाही, कारण इस्पिक-बदाम मिळून पानं सोळा; सोळा वेळा हललेला अंगठा जागेवर येणारच. म्हणजे तुमचे अंगठे तुमच्या पाढ्यांपेक्षा भरवशाचे निघाले!

हा स्काट इथून जवळच्या आल्टेनबुर्ग गावचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्यातल्या वादांचा निवाडा करायला तिथं चक्क कोर्ट आहे. आपल्या पारावरच्या मेंढीकोटला असं कोर्ट दिलं तर त्याला दिवाळीचीसुद्धा सुट्टी मिळायची नाही.

शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. शेवटी दोन वजा करायचे, एवढंच. पण मैत्रीण म्हणते, या वेळी दोन पानं काढणार. दोघांची मिळून बेरीज कळेल, पण वेगवेगळी कशी ओळखू? तुम्ही कधी केलंय का? गुरुवारच्या आत फोनवर सांगा. आणि आईसमोर अंगठे हलवून बघू नका, ती पुन्हा कोमट तेल घेऊन चोळायला बसेल.

तुमची,
छकुली