पोट्टे टिकत नाही, कारण पगाराची तारीख टिकत नाही

मा. संपादक, सा. न.

हिंगणा एमआयडीसीत चहाच्या टपरीवर कोणत्याही मालकाला विचारा, एकच रडगाणं, की पोट्टे टिकत नाही, शिकवलं की पुण्याला पळतात. मीही हेच म्हणायचो. माझं छोटं मशीन शॉप आहे, १४ जण आहेत. मागच्या वर्षी माझा व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) पोरगा पुण्याजवळ चाकणला गेला. आयटीआय करून आला होता, सहा वर्षं होता माझ्याकडं, ड्रॉइंग पाहूनच कोणतं टूल लागणार ते सांगायचा. तो गेल्यावर पहिल्याच लॉटमधे ४० पीस रिजेक्ट झाले, बोअर म्हणजे आतलं भोक केसभर मोठं. त्याची ऑफसेटची (मशीनवर टूलच्या सेटिंगचे आकडे) डायरी ड्रॉवरमधे होती पण ऑइलनं माखलेली, अन त्याच्या खुणा त्यालाच कळायच्या.

जाताना मी म्हटलं दोन हजार वाढवतो, थांब ना बावा. तो म्हणे, साहेब पैशाचं नाही, तारखेचं आहे. गाडीचा ईएमआय ५ तारखेला कटते अन तुमचा पगार कधी १५ ला कधी २० ला, दर वेळी बाउन्सचा चार्ज मलाच लागते. खरं सांगतो, मला तेव्हा रागच आला. घरी येऊन हिशेब काढला तर गेल्या वर्षभरात ७ तारखेच्या आत पगार मी फक्त तीनदा केला होता, अन कायदा ७ तारखेचाच आहे, १९३६ पासून!

आता मी उशीर काऊन करतो, तर माझ्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या पार्ट्या माझं बिल ९०-१०० दिवस अडकवून ठेवतात. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, लेट झालं तर व्याजही द्यायचं आहे. वेळेत पेमेंट नाही केलं तर पार्टीला तो खर्च पैसे देतील त्याच वर्षी धरता येते असं आयकरातही आलं. सरकारी पोर्टलही आहे तक्रारीला. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली समजा, मग कोण करते?

तरी सगळं त्यांच्यावर ढकलून चालत नाही. आता मी बँकेतून ओडी (ओव्हरड्राफ्ट) घेतली, व्याज जाते, पण ५ तारखेला सकाळी पगार पडते म्हणजे पडते. रविवारी फोन करून बोलावणं बंद केलं (बायको म्हणते हे आधी घरापासून सुरू करा). नवीन पोराला आता प्रोग्रॅमिंगपण शिकवतो. आमचे शेजारी हसतात, म्हणे शिकवून पाठव अजून एक पुण्याला. जाईलही कदाचित. पण चाकणचं खोलीभाडं, मेस काढून हातात किती उरते ते पोरांनाही कळते, इथं घर आहे, आई आहे, फक्त तारखेचा भरोसा नव्हता.

ज्यांच्याकडे आमची बिलं पडून आहेत त्यातले बरेच जण तुमचा पेपर वाचतात, म्हणून पत्र छापा ही विनंती. नाव मात्र टाकू नका, पुढच्या महिन्याची ऑर्डर त्यांच्याकडूनच यायची आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, हिंगणा रोड, नागपूर