पित्ताच्या गांधी: आधी कोणत्या चाचण्या?

संपादक महोदय,

सहा आठवड्यांहून अधिक काळ पित्ताच्या गांधी उठत असतील, तर अ‍ॅलर्जी-चाचण्यांच्या लांबलचक पॅनेलमधून सहसा काही हाती लागत नाही. पथ्ये मात्र उगाच वाढतात, याचे वाईट वाटते. आधी रक्तातील सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन), एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) व अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धचे प्रतिपिंड) पाहावे. आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त असल्यास स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याचा, संशय बळावतो. मग रुग्णाचेच ०.०५ मिली सीरम (रक्तातील पेशीविरहित द्रव) आणि तुलनेसाठी शेजारी सलाईन (मिठाचे निर्जंतुक पाणी) त्वचेत टोचतात. ३० मिनिटांनी सीरमच्या जागी आलेली गांध सलाईनच्या गांधीपेक्षा किमान १.५ मिमी मोठी असेल, तर चाचणी सकारात्मक. अँटिहिस्टामाइन (खाज-गांधी दाबणारे औषध) दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवले नसेल, तर निकाल फसवा येऊ शकतो. एकच गांध २४ तासांहून अधिक टिकत, दुखत असेल, डाग ठेवत असेल, तर बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करावी.

— एक त्वचारोगतज्ज्ञ