तुम्ही आधी झोपेविषयी विचारले

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. व्यसन आणि मनाचा आजार या दोन्हींत एकाच वेळी अडकलेल्या माणसाला नेमकी कोणती मदत उपयोगी पडते, हे मला तुमच्यामुळे कळले. ते आपल्या दोघांतच राहू नये, म्हणून हे आभाराचे पत्र उघडपणे लिहीत आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी ६ वर्षे हेलपाटे घालत होतो. उदासीवर उपचार मागायला गेलो की आधी दारू सोडून या, असे सांगितले जाई. दारू सोडवायला गेलो की उदासीचे काय घेऊन बसलात, दारू सुटली की तीही जाईल, असे ऐकावे लागे.

तुम्ही पहिल्या भेटीत किती पिता हे विचारण्याआधी झोप कशी लागते, हे विचारले. पहाटे तीनच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते आणि ती धडधड थांबावी म्हणून सकाळीच घोट घ्यावा लागतो, हे मी त्या दिवशी प्रथमच कुणाला तरी सांगितले. दारू मेंदूला तेवढ्यापुरती शांत करते, पण रोजच्या पिण्याला सरावलेला मेंदू तिचा अंमल उतरू लागताच उलट अधिक चेतावतो, हे तुम्ही मला शांतपणे समजावले. ज्या भीतीवर उपाय म्हणून मी पीत होतो, तिचा बराच भाग आदल्या रात्रीच्या पिण्यातूनच येत होता. बराच, सगळा नव्हे, असे तुम्ही आवर्जून म्हणालात. कारण दारूला हात लावण्याच्या कितीतरी आधीही आठवडेच्या आठवडे मला अंथरुणातून उठावेसे वाटत नसे, आणि ही गोष्ट तुम्ही नीट टिपून घेतली होती.

मी एका दिवसात, स्वतःच्या हिमतीवर दारू बंद करणार होतो. तसे करू न दिल्याबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक थांबल्यास झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, हे मला ठाऊकच नव्हते. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, व्हिटॅमिन बी-१ आणि इतर औषधे घेत पार पडले. त्यानंतर नैराश्याविषयी निष्कर्ष काढायची तुम्ही घाई केली नाही. दारूमुळे आलेली उदासी बहुधा ३-४ आठवड्यांत ओसरू लागते, तोवर पाहू, असे तुम्ही म्हणालात. ती ओसरली नाही, तेव्हा तुम्हीच मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

असह्य भावनेवर इलाज म्हणून माणूस नशेकडे वळतो, ही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलेली कल्पना तुम्ही मला सांगितली, तेव्हा मला फार हलके वाटले. मी तिचा सबब म्हणून वापर करीन, हेही तुम्ही ओळखले होते. पुढच्याच भेटीत मी तो केला. तुम्ही वाद घातला नाही, एक वही पुढे केलीत. झोप आणि तलफ, असे दोनच रकाने. सहा आठवड्यांनी ती वही आपण दोघांनी समोर ठेवून वाचली. भांडण झाले की तलफ येते, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ती लागोपाठ दोन रात्री झोप बिघडल्यानंतरच्या संध्याकाळी येत होती, मग घरात कितीही शांतता असो.

आठव्या महिन्यात मी घसरलो. शरमेने आवाज फुटत नसताना तुम्हाला फोन केला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, “गोळ्या कधी बंद केल्यात?” बरे वाटू लागले म्हणून ३ आठवड्यांपूर्वीच नैराश्याच्या गोळ्या मी मनानेच थांबवल्या होत्या. त्या एका प्रश्नाने घसरणीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोवर मी तिला नालायकपणा म्हणत होतो. तुम्ही तिला आजार उलटल्याची खूण मानून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ मिळवून दिलीत. तेव्हा तुम्ही रागावला असता, तर मी पुन्हा फोन केला नसता, हे मला अगदी खात्रीने सांगता येते.

परवा आणि काल, दोन्ही रात्री झोप लागली नाही. आज सकाळी वहीत तसे लिहिले आणि संध्याकाळी माझ्यासोबत राहा, असे भावाला सांगितले. तो आत्ता शेजारच्या खोलीत बसला आहे.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक रुग्ण