बाबांच्या जेवणानंतरच्या सोड्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दादानं पाठवलेले बाबांचे रिपोर्ट नीट वाचले. साखर अजून काठावर आहे, वेळीच सांभाळली तर मागे येऊ शकते, हे बघून जीव भांड्यात पडला. वजनाचं मात्र फोनवर धड बोलणं होईना. बाबा, तुम्ही म्हणालात, "रात्रीचा भात सोडला, एक पोळी कमी केली, तूप तर तुझी आई वाढतच नाही, तरी काटा वरच." माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. ताटातून आणखी काही काढा असं मी म्हणणारच नाही. मला बोलायचंय ते पेल्याबद्दल.

रात्री जेवण झालं की दांडिया बाजारातल्या गाडीवर गोड लिंबू सोडा ठरलेला. त्यात घरी पाहुण्यांसाठी आणलेली मोठी बाटली असते. पाहुणे दोन घोट घेतात आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही संपवता. बडोद्याच्या उन्हाळ्यात कुणी थंड प्यायलं तर नवल काय, आल्यागेल्याला 'थंडं घेणार?' विचारायची आपल्याकडे रीतच आहे. म्हणून तर ते कुणी खाण्यात धरत नाही.

आता त्या बाटलीवरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचा. बहुतेक गोड कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलीटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलीटरच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सहा-सात चमचे. चहात तुम्ही अर्धा चमचा घालून घेता! थंडपणा आणि आंबटपणा यांत ही गोडी लपते; तेच पेय गरम झालं, गॅस गेला की तोंडात धरवत नाही. कॅलरी होतात १२० ते १३०, म्हणजे सोडलेली पोळी पुन्हा पोटात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका ग्लासातच ती मर्यादा ओलांडली जाते.

पण माझ्या मनात घर करून बसलीय ती दुसरीच गोष्ट. प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखं वाटत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात यावर एक छोटा प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. १५ माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोड गोळ्या खायला दिल्या, आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचा गोड सोडा प्यायला दिला. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसं आपोआप बाकीचं जेवण कमी जेवली. सोडा प्यायली तेव्हा जेवण होतं तेवढंच राहिलं, आणि वजन वाढलं. बाबा, तुमचंही हेच होतंय असं मला वाटतं. सोड्यानं तुमची भूक काही कमी होत नाही, आणि त्या साखरेचा शरीराला लगेच उपयोग नसला की ती चरबी होऊन साठते. तुमच्या गुडघ्यांना आता एकेक किलो जाणवतो. आधीच कमाटीबागेतली फेरी अर्ध्यावर आलीय.

"सोड्यानं पोट हलकं होतं" हे तुमचं म्हणणं आईनं सांगितलं. जो ढेकर येतो तो बराचसा त्या सोड्यातल्याच गॅसचा असतो हो.

आणि आजोबा पितात म्हणून नातूही पितो. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलीटरचं पेय दिलं, काहींना साखरेचं, काहींना बिनसाखरेचं, आणि कुणाला कोणतं हे मुलांना कळू दिलं नाही. मुलं वाढती, त्यामुळे वजन सगळ्यांचंच वाढलं, पण साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो आणि दुसऱ्यांचं ६.३५ किलो. एका पेल्याच्या फरकानं एक किलो! ही माहिती २०१२ साली छापून आली. दादाला मी वेगळं लिहितेच आहे, पण नातू तुमचं जास्त ऐकतो.

मग डाएटवालं आणू का, असं तुम्ही विचाराल. साखरेच्या बाटलीपेक्षा ते बरं, पण वजन उतरवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नका, असं त्याच संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलंय. मलाही वाटतं, गोडाची सवयच हळूहळू उतरलेली बरी. आई, डब्यातले ज्यूस आणि आपली घरची सरबतंही यात आली गं. पन्ह्यात गूळ घातला म्हणून सुटका नाही. तुझं पन्हं बंद करायला मी सांगणार नाही, कैऱ्या वर्षातून एकदाच येतात. वाटी छोटी कर, एवढंच.

गाडीवर जाणंही सोडू नका, तिथे तुमचे मित्र भेटतात. सोडेवाल्याला सिरप आणि साखर घालू नको म्हणा. साधा सोडा, अर्धं लिंबू, आणि बीपीची गोळी चालू आहे म्हणून मीठ अगदी चिमूटभर. घरी मोठी बाटली आणूच नका; पाहुण्यांना जिरं घातलेलं पातळ ताक द्या, बडोद्यात त्याला कोण नाही म्हणेल? वय वाढलं की तहान कमी जाणवते, तेव्हा बाबा, तहान लागायची वाट न बघता माठातलं पाणी पीत राहा.

आईच्या शिवणाच्या टेपनं दोघांच्या कमरेचं माप घेऊन मला कळवा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. मी मेमध्ये येतेय, तेव्हा पुन्हा मोजू. येताना आईसाठी काय आणू तेही सांगा.

तुमची,
लेक