नितीनजी, नाव नेमकं कोणापासून लपवलं?

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

१९ एप्रिल २०२४ला नागपुरात लोकसभेचं मतदान. त्याआधीच लिहून टाकतो, नाहीतर म्हणाल निकाल पाहून कंठ फुटला.

मी आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार. दरवर्षी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आली की मगच पावतीबुक उघडायचं. एकावन्न रुपये देणाऱ्याचंही नाव लिहायचं, खालच्या प्रतीवर कार्बन उमटला का ते पाहायचं, आणि विसर्जनानंतर हिशेब सादर करायचा. एका वर्षी एका बिल्डरने पंचवीस हजार पुढे केले आणि म्हणाला, नाव लिहू नका. घ्यायचे की नाही यावर मंडपात रात्री साडेअकरापर्यंत भांडण. शेवटी नाव लिहूनच घेतले. पुढच्या वर्षी गडी फिरकला नाही.

परवा गुजरातच्या गिफ्ट सिटीत तुम्ही निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देता यायच्या त्या रोख्यांची, बाजू मांडलीत, तेव्हा मला तो बिल्डर आठवला. पैशाशिवाय पक्ष चालत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. तुम्ही पक्षाध्यक्ष होतात, चुलीचा खर्च तुम्हाला ठाऊक. योजना चांगल्या हेतूने आणली, हेही वादापुरतं मान्य करू. पण सत्ता बदलली की देणगीदाराला त्रास होईल म्हणून नाव गुप्त ठेवलं, इथे माझी गाडी अडली.

गुप्त कोणापासून? रोखे विकायची स्टेट बँक, म्हणजे सरकारी बँक. नोंद तिच्याकडे. रोख्यावरचा क्रमांक साध्या डोळ्यांना दिसत नव्हता, पण अतिनील प्रकाशात धरला की दिसतो, हे एका पत्रकार बाईंनी २०१८मध्येच दाखवून दिलं होतं. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला सांगायला देणारा मोकळा. उरलो आम्ही मतदार. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली, तर बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर निवडणूक उरकून गेली असती! न्यायालयाने ११ मार्चला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी माहिती हजर. एका रात्रीत सापडली म्हणायची.

तुमच्या पक्षाचे लोक टीव्हीवर सांगतात, सगळ्यांनीच घेतले. सगळ्यांनी नाही, पण बहुतेक मोठ्या पक्षांनी घेतले, हे खरं. लॉटरीवाल्या फ्यूचर गेमिंगने १,३६८ कोटींचे रोखे घेतले, त्यांतला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुककडे गेला. काँग्रेसही मागे नव्हती. त्यांनाही जाब विचारायचाच. पण कायदा त्यांनी केला नव्हता. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी देऊ नये, ही अट तुमच्या सरकारने काढली. रिझर्व्ह बँक नको म्हणत होती, निवडणूक आयोगानेही लेखी आक्षेप घेतला होता. आणि एप्रिल २०१९पासून सहा हजार कोटींहून जास्त आले ते भाजपकडे.

आता तुमच्या खात्याचं. मेघा इंजिनिअरिंगने ९६६ कोटींचे रोखे घेतले, त्यांतले निम्म्याहून अधिक तुमच्या पक्षाला गेले. काश्मीर आणि लडाखला जोडणाऱ्या झोजिला बोगद्याचं काम त्याच कंपनीकडे आहे, तुमच्याच मंत्रालयाचं. त्यात काळंबेरं आहे असा माझा आरोप नाही, माझ्याकडे पुरावा नाही. कदाचित सगळं काम चोख निविदेने झालं असेल. पण २०२०मध्ये तुम्ही तिथे पहिला सुरुंग लावलात तेव्हा ही कंपनी तुमच्या पक्षाची देणगीदार आहे का, हे विचारायची सोयच आम्हाला नव्हती. आज ती शंका तुमच्या रस्त्यांनाही चिकटते, ज्या रस्त्यांचं कौतुक विरोधकही करतात.

दुसऱ्या कोणी ही वकिली केली असती तर मी पेपर उलटून टाकला असता. तुम्ही मात्र स्वपक्षालाही फटकळपणे सुनावणारे म्हणून ओळखले जाता, त्यामुळे तुम्ही बोललात की लोक ऐकतात. म्हणून हे तुम्हालाच.

सर्व पक्षांनी एकत्र बसून विचार करावा, असं तुम्ही म्हणालात. बसाल तेव्हा पहिला ठराव एवढाच मांडा: वीस हजारांवरची प्रत्येक देणगी, देणाऱ्याच्या नावासह, आठ दिवसांत जाहीर, आणि तीही मतदानाआधी. पावतीबुक कसं भरायचं ते आमची पोरं शिकवतील.

आपला,
नागपूर मतदारसंघातला एक मतदार