डाउनलोड मोजायचे कसे?

संपादक महोदय,

विद्यापीठांच्या शोधसंग्रहांनी (प्रबंध व लेख ठेवणाऱ्या संकेतस्थळांनी) डाउनलोडच्या आकड्यासोबत मोजणीची पद्धतही छापावी. सोलापुरी चादरीवरचा एखादा प्रबंध घ्या. ब्राउझर अनेकदा ती पीडीएफ तुकड्यातुकड्यांनी मागवतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) प्रत्येक तुकड्याची '२०६' (म्हणजे 'फाइलचा भाग पाठवला') अशी वेगळी ओळ पडते. वाचक एक, ओळी वीस! त्यात बॉटची (आपोआप फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमची) भर. उलट प्रबंधाच्या माहितीपानावरच्या जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या कोडने) मोजले, तर गूगल स्कॉलर या संशोधनाच्या शोधयंत्रावरून थेट पीडीएफ उघडणारा निसटतो. हे नुकसान जास्त, कारण खरा वाचक तोच.

ऑनलाइन वापर मोजण्याच्या 'काउंटर' या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार बॉट वगळावेत. त्याच वाचकाने तीच फाइल ३० सेकंदांत पुन्हा उघडल्यास एकदाच धरावी. वसतिगृहातली मुले एकाच आयपीवर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) असतात, म्हणून ब्राउझरची ओळखही जुळवावी.

– ग्रंथालय क्षेत्रातील काही वाचक, सोलापूर